पत्रकार वडिलांच्या चरित्रात ‘कुटुंबवत्सल’ हा शब्द कोणत्या आधारावर लिहावा?

धाकटी लेक (प्रश्न)

माझे वडील एका मराठी दैनिकात बत्तीस वर्षे उपसंपादक आणि त्यांतली अखेरची काही वर्षे मुख्य उपसंपादक होते. गेल्या वर्षी त्यांचे निधन झाले. घरातल्या पुढच्या पिढीला ते कोण होते हे कळावे, म्हणून मी त्यांचे चाळीसेक पानांचे चरित्र लिहायला घेतले आहे. नोकरीविषयीचा भाग लिहून झाला, पण घराविषयीच्या प्रकरणाच्या पहिल्याच ओळीवर माझे आणि माझ्या मोठ्या भावाचे मतभेद झाले आहेत. मी लिहिले होते, की ‘बाबा अत्यंत कुटुंबवत्सल होते.’ भावाचे म्हणणे असे, की हा शब्द निधनवार्तेत फुकट मिळतो. बाबा स्वतः डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून छपाईला देण्याच्या टेबलावर, बसून असली विशेषणे लाल पेनाने कापत असत, तेव्हा त्यांच्याच चरित्रात तो आधाराशिवाय जाता कामा नये.

माझ्याकडे आधार म्हणून एक पत्र्याची पेटी आहे. बाबांची रात्रपाळी असे आणि आमची शाळा दिवसभराची. ते उठत तेव्हा आम्ही वर्गात असायचो आणि आम्ही जेवायला बसायचो तेव्हा ते कार्यालयात पोहोचलेले असायचे. म्हणून आम्ही झोपण्यापूर्वी काही शंका, तक्रार किंवा मागणी असेल ती कागदावर लिहून टेबलावर ठेवायचो आणि पहाटे तीन-साडेतीनला घरी आल्यावर ते तिचे उत्तर लिहून ठेवायचे. कागद टेलिप्रिंटरचा, म्हणजे तारेने येणाऱ्या बातम्या छापणाऱ्या यंत्राचा असे. एका बाजूला पीटीआय या वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी आणि पाठकोऱ्या बाजूला ‘भागाकारात बाकी भाजकापेक्षा मोठी राहू शकत नाही, पुन्हा करून पाहा’ असे काहीतरी. आईने यांतल्या दोनशेच्या आसपास चिठ्ठ्या जपून ठेवल्या आहेत. मला हा पुरावा पुरेसा वाटतो. भाऊ म्हणतो, की चिठ्ठी जो घरी नसतो त्यालाच लिहावी लागते, म्हणून ही पेटी त्यांच्या गैरहजेरीची नोंदवही आहे.

त्याच्या मनात एक विशिष्ट रात्रही आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चार वाजायच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आमचे घर तिथून पुष्कळ लांब होते, तरीही मांडणीवरची भांडी वाजली आणि सारी गल्ली बाहेर आली. विसर्जनाच्या रात्रीचे काम उरकून बाबा नुकतेच घरी आले होते. त्यांनी आम्हाला उठवून बाहेर आणले, मोकळ्या जागेत सतरंजीवर बसवले आणि थोड्याच वेळात सायकल काढून ते कार्यालयाकडे परत गेले. भाऊ तेव्हा अकरा वर्षांचा होता. जमीन पुन्हा हलेल की काय या भीतीत बसलेल्या मुलाला वडिलांची पाठमोरी सायकल दिसली, एवढेच त्याच्या लक्षात राहिले आहे, आणि त्याला मी दोषही देऊ शकत नाही.

वृत्तपत्रात काम केलेल्या किंवा अशा घरात वाढलेल्या मंडळींना माझा प्रश्न असा आहे, की या व्यवसायातल्या माणसाचे घरावरचे प्रेम नेमके कशात शोधायचे आणि ते चरित्रात कसे लिहायचे?

निवृत्त उपसंपादक

ताई, मी आपल्या वडिलांच्याच पिढीचा आणि त्यांच्याच पाळीचा माणूस आहे. त्यामुळे आधी घड्याळाविषयी लिहितो, कारण ते समजल्याशिवाय उपसंपादकाच्या घराविषयी कोणतेही विधान करणे धोक्याचे आहे.

आमच्या वेळी दैनिकाची रात्र आवृत्त्यांनी मोजली जात असे. लांबच्या तालुक्यांना जाणारी डाक आवृत्ती सर्वांत आधी सुटायची, कारण गठ्ठे रात्रीच्या गाडीत पडले नाहीत तर त्या गावांत अंक दुपारी पोहोचायचा. मग जिल्ह्याची पाने आणि सर्वांत शेवटी शहर आवृत्ती. शेवटचे पान सोडल्यावरही पहिल्या पानाचा माणूस लगेच उठत नसे. यंत्रावरून आलेली पहिली प्रत हातात घेऊन मथळ्यातली चूक, चुकीच्या छायाचित्राखाली गेलेली ओळ, उलटी लागलेली तारीख हे सगळे पाहूनच तो निघायचा. घरी जायला तीन वाजतात ते त्यामुळे.

आता कायद्याचे सांगतो. श्रमिक पत्रकारांसाठी 1955 साली कायदा झाला आणि त्यात सलग चार आठवड्यांत जास्तीत जास्त 144 तास काम अशी मर्यादा आली. 1957 च्या नियमांनी दिवसपाळी सहा तासांची आणि रात्रपाळी साडेपाच तासांची ठरवली, आणि चौदा दिवसांत एका आठवड्याहून अधिक रात्रपाळी देऊ नये असेही सांगितले. कागदावर हे उत्तम होते. प्रत्यक्षात लहान आणि मध्यम दैनिकांत डेस्कवर माणसेच इतकी थोडी असत, की कोणीतरी सतत रात्रीच बसलेला असे. इथेच मला आपल्याला एक गोष्ट सुचवायची आहे. हा ‘कोणीतरी’ पुष्कळदा रात्रपाळी मागून घेतलेला असायचा. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. पण ज्याच्या घरी आजारी आई आहे, ज्याची बायको नोकरी करते, ज्याच्या मुलाला दर महिन्याला डॉक्टरांकडे न्यावे लागते, त्याला दिवस मोकळा मिळण्याचा तो एकच मार्ग होता. शाळेचा प्रवेश, बँक, वीजबिल, दवाखान्यातली रांग ही सगळी कामे सकाळी अकरा ते चार या वेळात होतात, आणि त्या वेळात मोकळा असलेला कमावता पुरुष म्हणजे रात्रपाळीचा उपसंपादक. झोप तो कुठून आणायचा, हे विचारू नका. आम्ही ती आठवड्याच्या सुट्टीला उसनी फेडायचो. आपल्या वडिलांनी रात्रपाळी स्वीकारली की मागितली, हे त्यांच्या सहकाऱ्यांना जरूर विचारा. त्यांना कधी दुसऱ्या गावच्या आवृत्तीची जबाबदारी देऊ केली होती का, हेही विचारा. बढती म्हणजे बदली असा आमच्याकडे सरळ हिशेब होता आणि मुलांच्या शाळेसाठी ती नाकारणारे मी डोळ्यांनी पाहिले आहेत. अशा नकाराची नोंद कुठल्याही सेवापुस्तिकेत होत नाही आणि घरीही तो बहुधा सांगितला जात नाही.

आपल्या भावाच्या आठवणीबद्दल मात्र मी घाईने निवाडा देणार नाही, कारण माझ्या नावावरही तशी एक रात्र आहे. 21 मे 1991 रोजी रात्री दहा वाजून गेल्यावर श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. आमच्याकडे बातमी आली तेव्हा डाक आवृत्ती सुटलेली होती आणि पुढचे पहिले पान जवळजवळ लागलेले होते. ते मोडून आम्ही नवे पान उभे केले. माझ्या मुलीला त्या संध्याकाळी सणसणून ताप होता आणि शेजाऱ्यांकडे फोन करून विचारेन असे मी निघताना बायकोला सांगितले होते. तो फोन मी केला नाही. विसरलो असे म्हणणे सोपे आहे. खरे असे, की एकदा आठवण झाली आणि मथळा ठरेपर्यंत मी ती बाजूला सारली. मुलगी सकाळी बरी होती. आज ती स्वतः आई आहे आणि तिला ती रात्र आठवतही नाही. मला आठवते.

किल्लारीची बातमी आली तेव्हा बहुतेक कार्यालयांत यंत्रे थांबण्याच्या बेतात असणार आणि डेस्कवर चिटपाखरूही नसणार. हादरा कुठला, केंद्र कुठे, किती नुकसान, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. अशा वेळी घरी राहिलेल्या उपसंपादकाला कोणी जाब विचारला नसता. त्यामुळे आपले वडील गेले ते हुकमावरून नव्हे, हे नक्की. ही गोष्ट त्यांच्या बाजूची आहे की विरुद्ध, हे मी सांगू शकत नाही.

आणखी एक, जे कोणी लिहीत नाही. अपघाताच्या बातमीत मृतांची नावे आली, की आम्ही आधी आडनावे पाहायचो. आपले कोणी त्या रस्त्याने येणार होते का, हे मनात मोजायचो आणि मगच मथळा द्यायचो. बत्तीस वर्षांत हे किती वेळा झाले असेल, त्याचा विचार करा.

बातमीदाराचे घर

मी डेस्कवरच्या नव्हे, तालुक्याच्या ठिकाणच्या वार्ताहराची पत्नी आहे. काकांनी सांगितलेले कायदे, तास आणि पाळ्या आमच्यापर्यंत कधी पोहोचल्याच नाहीत. आमच्याकडे पगार नसून मानधन होते, आणि घर मुख्यतः जाहिरातींच्या कमिशनवर चालत असे. ज्याच्याविरुद्ध सोमवारी बातमी द्यायची, त्याच्याकडेच दिवाळी अंकासाठी किंवा वर्धापनदिनासाठी जाहिरात मागायला जायचे, हा पेच आमच्या स्वयंपाकघरात रोज असायचा.

यांनी बेकायदा वाळूउपशाची बातमी दिली, तेव्हा धमकीचा फोन मी घेतला, कारण फोन घरात होता आणि हे नदीच्या वाळूघाटावर होते. तेव्हा ‘कुटुंबवत्सल’ शब्दाबद्दल माझे मत थोडे कडवट आहे, ते समजून घ्यावे. हे प्रेमळ होते आणि आहेत. पण बातमीमुळे मुलांना शाळेत टोमणे ऐकावे लागले, तेव्हा त्यांना जवळ घेऊन बसायला घरी मी होते. बातमीसाठी जो धोका पत्करला जातो, त्यातला घराचा वाटा घराला विचारून ठरवला जात नाही.

आणि हे बाहेरगावी असले, की यांची राहिलेली बातमी डेस्कवरच्या उपसंपादकाला फोनवरून शब्द न् शब्द सांगायचे काम माझे. आडनावे दोनदा, आकडे तीनदा. बातमीखाली ‘वार्ताहर’ एवढेच छापले जायचे. त्या शब्दात मीही होते, असे मी थट्टेने म्हणते. ताई, आपण चरित्र जरूर लिहा, पण आपल्या आईने त्या बत्तीस वर्षांत काय केले, ते त्याच प्रकरणात लिहा, परिशिष्टात नको.

जुन्या अंकांचा वाचक

वर आईचा विषय निघाला आहे, म्हणून त्याच धाग्याने लिहितो. मराठी पत्रकारितेच्या इतिहासात संपादकाच्या घरावर काय बेतले, याच्या नोंदी विखुरलेल्या सापडतात. टिळकांना ‘केसरी’तल्या लेखांवरून 1908 साली शिक्षा झाली, त्यांना मंडालेला नेण्यात आले, आणि ते तिथे असतानाच 1912 साली त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या. आगरकर 1895 साली गेले, तेव्हा त्यांच्या वयाला चाळीस वर्षेही झाली नव्हती. ‘सुधारका’तून अवघ्या समाजाशी भांडणारा हा संपादक घरात मात्र पत्नी यशोदाबाईंच्या व्रतवैकल्यांच्या आड येत नसे, असे त्यांच्याविषयी सांगतात. मला हा तपशील त्यांच्या अनेक अग्रलेखांइतकाच महत्त्वाचा वाटतो. अर्थात यावर वाद होऊ शकतो.

पण आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उदाहरण ‘बहिष्कृत भारत’चे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे पत्र 1927 साली सुरू केले. मदतीला लेखक नसल्याने अंकाचे चोवीस-चोवीस रकाने त्यांना स्वतः लिहून काढावे लागत. फेब्रुवारी 1928 मध्ये, पत्राच्या ऋणाविषयी लिहिताना, त्यांनी स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषी करून पत्नी रमाबाईंबद्दल जे लिहिले आहे, ते प्रत्येक पत्रकाराने वाचावे असे आहे. आपण परदेशी असताना तिने प्रपंचाची काळजी वाहिली, आपण परत आल्यावरच्या हलाखीत तिने शेणीचे भारे डोक्यावरून आणले, आणि अशा स्त्रीच्या सहवासात चोवीस तासांतला अर्धा तासही आपल्याला घालवता आला नाही, अशी ती कबुली आहे. त्याआधी दीडेक वर्षापूर्वी, 1926 साली, त्यांचा धाकटा मुलगा राजरत्न गेला होता. संपादकाने आपल्याच पत्रात, आपल्याच हाताने, घराचे देणे असे मांडलेले मी दुसरीकडे वाचलेले नाही. इथे ‘मी कुटुंबवत्सल आहे’ असा दावा नाही. जे देता आले नाही, ते मोजून सांगितले आहे, आणि वाचणाऱ्याला प्रेम दिसते ते त्या मोजण्यात.

‘बातमीदाराचे घर’ यांनी लिहिले, त्यावरून तानूबाई बिर्जे आठवल्या. त्यांचे पती वासुदेवराव बिर्जे ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र चालवत असत. 1906 साली ते वारल्यावर पत्र बंद पडू न देता तानूबाईंनी संपादनाचे काम हाती घेतले आणि 1912 पर्यंत ते सांभाळले. कोणी संपादकाच्या खुर्चीवर अशी एका रात्रीत बसू शकत नाही. नवरा संपादक असताना त्या घरात मुद्रिते (छपाईपूर्वी तपासायच्या प्रती) वाचली जात असणार, मजकुरावर चर्चा होत असणार, हा माझा तर्क आहे, पण तो फार लांबचा नाही.

तेव्हा माझी सूचना एवढीच, की विशेषण काढून टाका आणि चिठ्ठ्या छापा. भागाकाराची चिठ्ठी जशीच्या तशी, तारखेसह, आणि शक्य असेल तर मागच्या बाजूच्या बातमीसह छापा. त्या दिवशी जगात काय चालले होते आणि त्याच कागदाच्या पाठीवर मुलाला काय सांगितले गेले, हे शेजारीशेजारी दिसू द्या.

तिसऱ्या पिढीचा

माझे आजोबा छापखान्यात खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, जुळवणारे होते आणि वडील उपसंपादक, म्हणून थोडे लिहितो. सगळ्यांची मते वाचून असे वाटते, की आपण भावाला पटवायचा प्रयत्न करत आहोत. तो सोडावा. माझ्या वडिलांबद्दल मला राग होता आणि तो खरा होता. माझ्या बहिणीला तो नव्हता, तेही खरे होते. दैनिकातल्या माणसाची मुले वयाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळ्या पाळ्यांचे वडील पाहतात. माझ्या वाट्याला रात्रपाळीचे आले, बहिणीच्या वाट्याला दिवसपाळीचे. एकच माणूस होता, पण घड्याळ वेगळे होते. दोन्ही आठवणी दोन वेगळ्या नावांनी छापता येतील. एकाच निवेदनात त्या कालवल्या, की दोन्हींची चव जाते.

धाकटी लेक

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून गेल्या आठवड्यात मी दोन गोष्टी केल्या.

पहिली म्हणजे बाबांच्या एका सहकाऱ्यांना भेटले. काका, आपला अंदाज निम्मा बरोबर निघाला. सुरुवातीची सात-आठ वर्षे रात्रपाळी त्यांच्यावर येऊन पडली होती. पुढे दिवसपाळी देऊ केली, तेव्हा त्यांनी ती नाकारली. त्या वर्षी आजी अंथरुणाला खिळली होती आणि आई शाळेत शिकवत होती. आजीला दुपारी कुशीवर वळवणे, औषध देणे, तिचे कपडे बदलणे हे बाबा करत असत. आम्ही शाळेतून येईपर्यंत सगळे आवरलेले असायचे, त्यामुळे आम्हाला ते दिसलेच नाही. बढतीबद्दल मात्र सहकाऱ्यांना काही आठवत नव्हते. तेव्हा ते मी लिहिणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मी आईला त्या पहाटेबद्दल विचारले. इतकी वर्षे भाऊ आणि मी त्या रात्रीवरून वाद घालत आलो, पण तिला विचारावे हे आम्हा दोघांनाही सुचले नव्हते. ती म्हणाली, की बाबा सतरंजीच्या कडेला बराच वेळ बसून होते. उठत होते, पुन्हा बसत होते. शेवटी तीच म्हणाली, ‘तुम्ही इथे बसून जमीन धरून ठेवणार आहात का? जा, आणि कुठे काय झाले ते कळले की शेजारच्यांकडे फोन करा.’ फोन सहाच्या सुमाराला आला. तिने तो घेतला, गल्लीतल्या सगळ्यांना काय झाले ते सांगितले आणि मग आम्हाला घरात नेले. भाऊ तोवर झोपला होता.

हे मी भावाला फोनवर सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, की त्या रात्रीचा परिच्छेद तो स्वतः लिहील, पण त्यातली सायकल तो काढणार नाही. मी होकार दिला आहे. पहिली ओळ मी खोडली. प्रकरण आता आजीच्या खाटेपासून सुरू होते, त्यानंतर आईच्या नोकरीचा भाग आणि मग चिठ्ठ्या. ‘जुन्या अंकांचा वाचक’ यांच्या सूचनेप्रमाणे दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढायला घेतली, तेव्हा लक्षात आले, की टेलिप्रिंटरची शाई कित्येक कागदांवर इतकी पुसट झाली आहे, की बातमी वाचता येत नाही. बाबांचे पेनातले अक्षर मात्र शाबूत आहे. असे पुसट कागद स्कॅन करताना मजकूर थोडा तरी उठून यावा यासाठी काय करता येते, हे कोणाला माहीत असल्यास कृपया सांगावे.